धुराचा वास नसलेलं पोतं

प्रिय सोनाबाई,

"कॉफीला धूर लागू द्यायचा नाही हं." हे वाक्य माझं. आठ वर्षांपूर्वी, सुरगाण्याकडच्या तुझ्या अंगणात उभी राहून मी ते म्हणाले होते. काल तुझे यजमान लक्ष्मणदादा यंदाचं पोतं घेऊन नाशिकला आले आणि माझं वाक्य मला परत मिळालं. म्हणून लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, तरीही.

तू तापानं गेलीस, एवढंच मला फोनवर कळलं होतं. बाकीचं काल दादांनी सांगितलं.

आठवतं, पहिल्यांदा आले तेव्हा तू किती हसली होतीस? फणसाच्या सावलीत लावलेली तुमची कॉफीची झाडं लाल फळांनी लगडली होती आणि विचारणारं कुणी नव्हतं. "ह्यो कडू काढा पैसं देऊन पितात लोक?" तुझा विश्वासच बसेना. तेव्हापासून माझ्या छोट्याशा दुकानात फक्त तुझ्या शेतातली कॉफी. पाकिटावर तुझं नाव. गिऱ्हाइकं "सोनाबाई आली का?" म्हणून विचारायची. दिवाळीनंतर द्राक्षाच्या कामाला निफाडकडे जाणं तुम्ही सोडलंत. "औंदा पोरी शाळंत राहिल्या, ताई," हे तू मला किती वेळा सांगितलंस!

ताई कसली गं? तूच माझ्याहून दोन वर्षांनी मोठी.

तिसऱ्या वर्षी एका पोत्याला चुलीचा वास आला. मी ते परत पाठवलं. तू पुढच्या खेपेला पदराआड हसलीस. "तुमचं नाक लय तिखट. आमच्या तर अंगालाच धूर हाय. मंग आमाला कुठं ठिवाल?" मीही हसले.

यंदा फळं अंगणात वाळत होती आणि अवकाळी आला. थंडीचे दिवस, त्यात पाऊस. तुमचं घर एका खोलीचं, चूल त्यातच. तू सगळी फळं आत आणून पसरलीस आणि चूल विझवलीस. चार दिवस! भाकरी जावेकडून येत होती. तुला दुसऱ्याच दिवशी ताप भरला.

"म्या म्हनलं, जाळ कर, आंग शेक," दादा सांगत होते. त्यांची नजर पोत्यावर होती. "तर म्हनं, नाय. ताईच्या कापीला वास लागंल."

अगं, एक फोन करायचास ना! पोतं गेलं खड्ड्यात, तू चूल पेटव, असं म्हणाले असते मी. म्हणाले असते ना? कालपासून हेच विचारते आहे स्वतःला. "हो" म्हणायला मला जरा वेळ लागतो, सोनाबाई. तेच सहन होत नाही.

आज सकाळी मूठभर बिया भाजल्या. कॉफी केली. धुराचा मागमूस नाही. इतकी स्वच्छ कॉफी तू आजवर पाठवली नव्हतीस. रोजचे एक काका घोट घेऊन म्हणाले, "वा! सोनाबाईंनी यंदा कमाल केली." मी आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

तुझ्या पोरी म्हणतात, पुढच्या वर्षी तोडणी त्या करतील. त्याआधी तुझ्या अंगणात, चुलीपासून लांब, फळांसाठी पत्र्याची शेड उभी राहील. ती मी बांधून देणार. आणि तरीही पोत्याला धूर लागला, तर ते पोतं मी घेईन, पाकिटावर तुझंच नाव घालीन. तुझ्या पोरींना ते वाक्य मी कधीही सांगणार नाही.

आता एकच मागणं. जिथे असशील तिथे चूल पेटव. चांगला जाळ कर, हातपाय शेकून घे. फळांकडे बघू नकोस.

नाही ऐकणार तू. ठाऊक आहे मला.

तुझ्याहून धाकटी,
माधवी