हिरवी पट्टी भरेपर्यंत

एटापल्ली
२० सप्टेंबर २०२३

चि. दिव्यानीस,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोन करू नको. माझा फोन आता कुलदीपच्या खिशात राहते. हे पत्र शेजारच्या अंगणवाडीच्या केसरबाई टपालात टाकतील. तू पण त्यांच्याच पत्त्यावर लिही.

आईला सांग की मी न्हाणीत घसरून पडली. दवाखान्यात त्यानं तेच सांगितलं. खरं तुलेच सांगते. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी फोटोच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हसून बोलली. तो माणूस गेल्यावर यानं कॅमेऱ्याचं स्टँड उचललं. डाव्या हाताचं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. समोरचा एक दात काउंटरच्या काचेवर पडला.

दुकानातल्या भिंतीवरच्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं. रोजचं चित्रण कॉम्प्युटरात जाते आणि काही दिवसांनी तो पुसते. हे मात्र त्यानं पुसलं नाई. लग्नांच्या व्हिडिओजवळ ‘मजा’ नावाचं फोल्डर करून त्यात ठेवलं. परवा अंकुश आणि बाकीचे दोस्त कोंबडी खायला आले, तेव्हा लावलं. मी आतून भात आणून वाढत होती. दात पडते तिथं मागे घेऊन पुन्हा दाखवलं. सगळे हसले. नवऱ्याचा मार चार वर्षांपासून खाऊन राह्यली. पण माझा मार पाहत लोकांनी जेवावं, हे नाई सहन होत.

ते मले त्याच्याजवळून काढायचं आहे. पण मी कॉम्प्युटरला हात लावू नये म्हणून तो बाहेर जाताना माऊस खिशात घालून नेते. तू कॉम्प्युटर शिकवतेस. माऊसशिवाय जमते काय?

तुझी माया आहे, म्हणून विचारलं.
रंजीता


आरमोरी
२६ सप्टेंबर २०२३

ती. रंजीताताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वर्गात उघडलं, पोरांना टायपिंग दिलं आणि मागच्या खोलीत जाऊन रडले. मग राग आला. आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली. पण कॉलेजच्या फॉर्मवर पालक म्हणून सही कोणाची होती? तुझी. आणि तू मला ‘जमते काय’ असं भीत भीत विचारतेस!

जमतं. माऊसची काही गरज नाही. तुझा एक हात प्लास्टरमध्ये, म्हणून मी माझा डावा हात ओढणीने कमरेला बांधून सगळं करून पाहिलं. वर्गातल्या खुशालने विचारलं की मॅडम, दुसरापण बांधून देऊ काय? कान पिळायला एक हात पुरला.

पाकिटात कापसात गुंडाळलेला पेन ड्राइव्ह आहे. तो कॉम्प्युटरला लाव. चार चौकटींचं चिन्ह असलेलं बटण आणि E एकदम दाब, खिडकी उघडेल. बाणांच्या बटणांनी निळी पट्टी सरकव, एंटर दाबलं की आत जाशील. अशी ‘मजा’पर्यंत जा. फाईलवर पट्टी आली की कंट्रोल आणि C. मग बॅकस्पेसने मागे येऊन पेन ड्राइव्हमध्ये जा आणि कंट्रोल आणि V दाब. एक हिरवी पट्टी भरायला लागेल. व्हिडिओ मोठा आहे, वेळ लागेल. ती भरेपर्यंत पेन ड्राइव्ह काढायचा नाही, नाहीतर काहीच हाती येणार नाही.

ताई, एक ऐक. C च दाबायचं. X दाबलंस तर फाईल त्याच्याकडून उचलली जाते आणि त्याला लगेच कळेल. त्याची त्याच्याकडे राहू दे. आधी तू जिवंत इकडे ये.

तुझं नाव न घेता मी इथल्या वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या की असा पुरावा असला तर न्हाणीत पडल्याची गोष्ट टिकत नाही. तू मला पुस्तकी म्हणशील, पण खरं ते डोळ्यांनी दिसल्यावर लोकांना मान्य करावंच लागतं, असं मला अजून वाटतं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
दिव्यानी


एटापल्ली
१८ ऑक्टोबर २०२३

चि. दिव्यानीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

मी जिवंत आहे. केसरबाईंच्या घरी आहे. घाबरू नको, आणि रागावू नको, मी X दाबलं.

धम्मचक्राच्या कार्यक्रमाचं चित्रण करायला तो सकाळी चंद्रपूरला निघाला. मी तू सांगितलं तसंच करत गेली. बोट C वर गेलं होतं, पण मनात आलं, त्याच्याजवळ ठेवायची तर एवढं कशाला करून राह्यली मी? शेजारचं बटण दाबलं. फाईल फिकी दिसायला लागली. मग V दाबलं आणि हिरवी पट्टी सुरू झाली.

अर्धी भरली आणि शटर वाजलं. कॅमेऱ्याची बॅटरी विसरला म्हणून तो बस स्टँडवरून परत आला होता. त्यानं पडद्यावर ‘मजा’ वाचलं. शिवीपण दिली नाई. सरळ पेन ड्राइव्हला हात घातला. मी प्लास्टरचा हात त्याच्या बोटांवर आपटला. त्यानं माझे केस धरून कपाळ काउंटरवर दोनदा आदळलं, काच फुटली. स्टँड तिथंच टेकलं होतं, माझ्या उजव्या हातात आलं. पहिला फटका कानावर बसला, दुसरा गुडघ्यावर. तो पडला. पडल्यावर पण माझा पाय धरून ओढत होता, म्हणून हातावर मारलं. त्यानं पाय सोडला. रंजीता बस कर, असं तो म्हणाला.

मी बस केलं नाई. अजून दोन मारले, तोंडावर. त्याचं नाक फुटलं. पडद्याकडे पाहिलं तर पट्टी भरून गेली होती.

लोकांनी त्याले दवाखान्यात नेलं. मी शटर आतून ओढलं आणि त्या दिवसाची फाईल कॉम्प्युटरात यायची वाट पाहत बसली. ती पण X करून घेतली. बटणं रक्तानं चिकट झाली होती.

तो आता बोलते. मी बिनाकारण जीव घ्यायला निघाली, असं त्यानं लिहून दिलं. ठाण्यातून मले गाव सोडू नको म्हणून सांगितलं आहे. पेन ड्राइव्ह केसरबाईंसोबत पाठवते. त्या उद्या आरमोरीला लेकीकडे येऊन राह्यल्या, उत्तर त्यांच्याच हाती दे.

आईला आता काय सांगायचं ते तूच ठरव. तिच्याजवळ बस.
रंजीता


आरमोरी
२१ ऑक्टोबर २०२३

ती. रंजीताताईस,
सविनय जयभीम. वि. वि.

दोन्ही फाईली पाहिल्या. आईला न्हाणीचं खोटं होतं एवढं सांगितलं. तिने तुझ्या लग्नातला फोटो भिंतीवरून काढला.

पहिली फाईल मी पूर्ण पाहू शकले नाही. दुसरी पाहिली, शेवटपर्यंत. वकीलबाई म्हणतात की हातावरच्या फटक्यापर्यंत तू स्वतःला वाचवत होतीस, हे कोणालाही दिसेल. पण त्याने बस कर म्हटल्यावरचे ते दोन फटके तुझ्यावर शेकतील.

त्या गेल्यावर मी दुसऱ्या फाईलवर निळी पट्टी आणली आणि शिफ्ट आणि डिलीट दाबलं. कायमची पुसायची का, असं कॉम्प्युटरने विचारलं. ताई, खरं दाखवा म्हणणारी ती मीच. माझं बोट एंटरवर होतं. तुला न विचारता दाबवलं नाही. तू फक्त हो म्हण. पहिली एकटी पुरेशी आहे, दुसरीचं कोणाला कळणारही नाही. तू सुटावंस, मला बाकी काही नको.

तुझ्या एका शब्दासाठी थांबलेली,
दिव्यानी


एटापल्ली
२४ ऑक्टोबर २०२३

चि. दिव्यानीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पुसू नको.

दोन्ही ठाण्यात दे. आधी पहिली लावा म्हण, मग दुसरी. शेवटचे दोन माझ्यावर शेकतील तर शेकू दे, ते मीच मारले. तो बस कर म्हणाला ते मले ऐकू आलं होतं, हे पण मी सांगीन. पहिली एकटी दिली, तर साहेब पण मले मार खातानाच पाहतील. तेवढं पाहून झालं लोकांचं.

आणि एक सांगते, कोणाला सांगू नको. पेन ड्राइव्ह तुझ्याकडे पाठवायच्या आधी मी दुसरी फाईल दोन वेळा पाहिली. दुसऱ्या वेळेस मागे घेऊन पाहिली. तुले भीती वाटली असंल. मले पण वाटली.

केसरबाईंनी शिदोरी बांधून ठेवली आहे. ठाण्याची गाडी येईल तेव्हा नेसायला मी निळं लुगडं काढलं.

मी आत गेली तरी तुझी माया कमी होऊ देऊ नको.
तुझी ताई
रंजीता