पुढच्या ब्रेकचे कोरे रबर

अप्पा,

तुम्ही गेल्यापासून घरी पडून असलेल्या तुमच्या जुन्या लोखंडी सायकलला आज नवे ब्रेक बसवले. फ्रेमच्या भोकात नवा बोल्ट शिरेना, मिस्त्रीच्या नाकी नऊ आले. जुने ब्रेक काढले, तर मागचे रबर पार झिजलेले आणि पुढचे मात्र कोरे करकरीत! असं का, म्हणून मी त्याच्या मागेच लागले.

तो म्हणाला, "पुढच्या दांड्यावर पोर बसवत असतील. पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर पोर तोंडावर आपटतं ना!"

तुम्ही घर सोडलंत तेव्हा मी सात वर्षांची होते. तुम्हाला माझी कधी काळजीच नव्हती, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले.

हे पत्र काही पाठवणार नाही. ते कोरे रबर तेवढे पाठवते.

तुमची,
दांड्यावर बसणारी