पाटनला गेलेल्या दोन पेट्या

२१ मे, बुधवार
पारा चव्वेचाळिसावर. कंपनीच्या डेपोतून त्रिगुणी लसीच्या तीन पेट्या रवाना केल्या: दोन पाटनच्या डॉक्टरबाईंकडे, एक बरगीला. फ्रीझरमधले आइसपॅक पाणी सुटेपर्यंत बाहेर ठेवून मगच पेटीत भरायचे, ही पद्धत. गाडी खोळंबली होती. भांडारपाल दुबेजी म्हणाले, "साहब, पसीना तो छूटने दीजिए." या उन्हात लस शिजेल, असे म्हणून मी ते थेट भरायला लावले. वर दोन-दोन जास्त.

२४ मे, शनिवार
बुधवारी बरगीचे केंद्र बंद होते. ती पेटी त्याच संध्याकाळी परत आलेली. आज तिच्यातली एक कुपी हलवून पाहिली. द्रव दुधासारखा राहायला हवा. पांढरे कण सुटले व भराभर तळाशी बसले. नियमाप्रमाणे एक चांगली कुपी मुद्दाम गोठवायला ठेवली आहे. उद्या दोन्ही शेजारी ठेवून...

२५ मे, रविवार
सुटी, तरी गेलो. दोन्ही कुप्यांतले कण सारखेच बसले; म्हणजे थेट भरलेल्या आइसपॅकने बरगीची लस गोठली होती. शंका उरली नाही.
गोठलेली लस विष होत नाही, निरुपयोगी होते. मूल रडते, कार्डावर नोंद होते, संरक्षण मात्र नाही. तशाच भरलेल्या पाटनच्या दोन्ही पेट्या शुक्रवारीच टोचून संपल्या. मी वाणिज्य शाखेचा. शास्त्र माझे नव्हे, पद्धत माझी होती. तीच मी मोडली.

२६ मे, सोमवार
भोपाळच्या प्रादेशिक कार्यालयास (यापुढे प्रा.का.) फोन. तेथील व्यवस्थापक वयाने माझ्या मुलाएवढे. "रजिस्टर में दो से आठ डिग्री है ना? फिर?" रजिस्टर फ्रिजचे आहे, पेटीचे नव्हे, हे सांगितले. मग कळले की कंपनी आणखी देशांत लस पाठवणार आहे; परदेशी तपासनीस सध्या कारखान्यात आहेत. "अभी कोई भूत मत निकालिए, देशकरजी. लिखना ही है तो लिखिए, स्टोरकीपर की लापरवाही."

२७ मे, मंगळवार
दुबेजींना ते जसेच्या तसे सांगितले. हसले. "इतने साल में पहली बार आपने मेरी बात काटी साहब, और इनाम मुझे!"
घरी सौ. म्हणाली, "काहून जेवून नाही राहिले?" सांगितले. ताट झाकत म्हणाली, "त्यांचं नाव लिहा खुशाल. पण यंदा दिवाळीचा फराळ घेऊन त्यांच्या घरी मी नाही जाणार. तुम्ही जाजा."

२९ मे, गुरुवार
अहवाल पाठवला. 'आइसपॅक थेट भरण्याचा तोंडी आदेश माझा होता.' एवढ्या वाक्याला चार कच्चे मसुदे लागले.
दुपारी प्रा.का.चे उत्तर: पुढील आदेशापर्यंत कामावर येऊ नये. पाटनला कंपनी कळवील.

३० मे, शुक्रवार
डॉक्टरबाईंना मीच फोन केला. त्यांना कोणीही काही कळवलेले नव्हते.

३१ मे, शनिवार
बसने पाटन. बाईंनी सर्व ऐकून घेतले. "एक सुई के लिए माँ को कितना मनाना पड़ता है, आपको पता है? अब बोलूँ, वो वाली बेकार थी?" मी बोलतो, म्हणालो. बाईंनी दुसरीकडून नवी लस मागवली आहे.
यादीतले पहिलेच घर. आई म्हणाली, "पहले भी आप ही लोग बोले थे, अच्छी है." तिने दार लावले नाही, इतकेच.

२ जून, सोमवार
एकूण चौतीस बाळे. एकोणिसांना पुन्हा टोचले. त्यात ते पहिले घरही आहे. सहा आयांचा ठाम नकार. उरलेली नऊ वीटभट्टीवरची. भट्टी थंडावली, कुटुंबे आपापल्या गावी गेली. बाईंच्या वहीत फोन नंबर फक्त एका बापाचा. लागला.
"बच्चा एकदम ठीक है, खेल रहा है."
पुन्हा सुई द्यावी लागेल, म्हटले.
"ठीक है तो काहे परेशान कर रहे हो, भैया?"
गाव विचारले. मंडला जिल्ह्यातल्या एका गावाचे नाव सांगून त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला; बंद.
नकाशा पाहिला. त्या नावाची तिकडे तीन गावे आहेत.