बुधवारची मोजणी

"तिच्या हातात काय होतं?" अकरा वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ हे वाक्य बोलला. आमच्या थांब्यावर गाडी शेवटची थांबली, त्या संध्याकाळी फलाटावर पन्नासेक माणसे जमली होती. पिठाच्या गिरणीवाल्याने सगळ्यांसमोर त्याला विचारले, की तुझी बहीण वेळापत्रकाच्या कचेरीत बसते ना, मग तिने काय केले? दादाने हातातली पिशवी खाली ठेवली आणि एवढेच म्हटले. तेव्हापासून जो कोणी विचारेल त्याला तो हेच ऐकवत आला आहे. माझ्या हातात काय होते ते सांगणे माझे काम होते. ते मी आज करते आहे.

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, अविवाहित, उपनगरी रेल्वेच्या वेळापत्रक शाखेत चोवीस वर्षे नोकरीत, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दोन ऑपरेशने झाली, तिसऱ्याबद्दल डॉक्टर बोलत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी बजावले, की कोणाला काय द्यायचे तेवढेच लिहा, कारणे लिहू नका, कारणांवरून भांडणे होतात. मी कारणे लिहिणार आहे. आमच्या घरात भांडण झालेच नाही, हेच तर दुखणे आहे.

कलम १. थांब्यालगतचे दोन खोल्यांचे घर आम्हा दोघा भावंडांच्या नावावर आहे. त्यातला माझा निम्मा हिस्सा, परसातल्या विहिरीच्या हक्कासह, दादाला मिळावा. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही.

या घराची हकीकत थोडक्यात लिहिते. लाइन टाकली तेव्हा ती एकेरी होती आणि दगडाच्या खाणीसाठी होती. पुढे चढ लागतो, इंजिनाला पाणी भरून घ्यावे लागे, म्हणून इथे विहीर खणली, पंप बसवला, टाकी उभी केली. गाडी पाण्यासाठी थांबायची. थांबतेच आहे म्हटल्यावर माणसे चढू-उतरू लागली. कोणी दुकान मांडले, कोणी घर बांधले, पुढे बाटल्यांचा कारखाना आला. आमचे वडील पंपावर होते. ते म्हणायचे, "गाडीनं पाणी पिताना जे सांडलं, ते आपलं गाव." विजेच्या गाड्या आल्या तेव्हा टाकी उतरवली आणि वडिलांना तिकीट-खिडकीत बसवले. इंजिनाला पाण्याची गरज उरली नाही, पण थांबा राहिला. तो काढायचे कोणाच्या मनात आले नव्हते.

घराच्या भिंतीला फळीवर भांडी आहेत. गाडी थांबायची तेव्हा ती हलकेच किणकिणत. आता गाड्या न थांबता भरधाव जातात, त्यामुळे ती धडधडा वाजतात. दादाने फळीला पुढून काठी लावावी.

कलम २. शहरातला माझा राहता फ्लॅट, जंक्शनसमोरचा, दुसऱ्या मजल्यावरचा, आणि बँकेत जे काही असेल ते सर्व माझ्या वहिनीला मिळावे. दादाला नव्हे. दादा तो माझी आठवण म्हणून कुलूप लावून ठेवील आणि महिन्यातून एकदा झाडून येईल. वहिनीने तो विकावा, भाड्याने द्यावा किंवा तिथे राहायला यावे. जंक्शनवर प्रत्येक गाडी थांबते.

वहिनी इस्पितळाच्या कपडेखोलीत कामाला होती. सहा पंचावन्नच्या गाडीने जायची. थांबा बंद झाल्यावर पुढच्या स्टेशनापर्यंत तीन किलोमीटर खडीवरून चालत जाऊ लागली. दोन वर्षे गेली. मग गुडघ्यांनी हात टेकले आणि तिने नोकरी सोडली. त्याच सुमारास एका रविवारी आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो होतो. तिने मान वर न करता विचारले, "ती माणसं मोजायला आली होती, ती कोणत्या वारी गं?"

मी म्हटले, "नियमाप्रमाणे. आठवड्याच्या मधल्या दिवशी."

तिने हातातली शेंग सोलून संपवली. "बरं," म्हणाली आणि पाणी ठेवायला उठली. त्या दिवसापर्यंत ती मला 'अगं' म्हणत असे. त्यानंतर 'ताई, तुम्ही' म्हणू लागली. दादाला वाटले, नणंद मोठी अधिकारी झाली म्हणून मान देते आहे. दादाला कौतुक वाटले.

कलम ३. माझे दोन गुण्ये, लाकडी पट्टी, भिंग आणि टणक पेन्सिलींचा डबा माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला मिळावा. आम्ही त्याला 'पाव मिनिट' म्हणतो, कारण त्याच्या हिशेबात त्याहून लहान काही नसते आणि जेवायलाही तो तेवढाच वेळ घेतो. आता सगळे काम संगणकावर होते, पण पाव मिनिटाला जुन्या हत्यारांची माया आहे. त्याने माझा गुण्या तीनदा मागून नेला आणि तीनदा परत आणून दिला. आता आणू नये.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी लिहिते. मोठ्या कागदावर आडव्या रेघा म्हणजे स्टेशने, उभ्या रेघा म्हणजे मिनिटे आणि तिरकी रेघ म्हणजे गाडी. रेघ जितकी उभट, तितकी गाडी वेगात. गाडी थांबते तिथे रेघ क्षणभर आडवी होते, तिळाएवढी पायरी पडते. दोन तिरक्या रेघा कुठे फार जवळ आल्या तर मागची गाडी सिग्नलला अडकते, आणि एक अडकली की तिच्या मागच्या सगळ्या. दिवसभराच्या तीनशे बारा रेघा एकमेकींना न दुखवता बसवायच्या, हेच माझे काम. चोवीस वर्षे मी ते मन लावून केले. आमच्या थांब्याची पायरी काढताना मी पेन्सिलीला टोक करून घेत असे.

कलम ४. माझ्या खोलीतल्या भिंतीवरचे प्रशस्तिपत्रक, 'सकाळच्या गर्दीच्या वेळी दोन मिनिटांची बचत केल्याबद्दल', काचेसह आणि चौकटीसह आमच्या तेव्हाच्या साहेबांच्या घरी पोचवावे. ते निवृत्त आहेत, गुलाबाची कलमे करतात. ते त्यांचेच आहे. बक्षिसाच्या कार्यक्रमात भाषण त्यांनीच केले होते, मी फक्त उभी होते.

साहेबांना सकाळी एक जादा गाडी घालायची होती आणि त्यासाठी दोन मिनिटे कमी पडत होती. त्यांनी मला बोलावून सांगितले, की कुठूनही शोधा, पण रडत माझ्याकडे येऊ नका. थांबा अर्ध्या मिनिटाचा असला तरी ब्रेक लावणे आणि पुन्हा वेग घेणे धरून तो जवळजवळ दोन मिनिटे खातो. म्हणजे एक थांबा काढायचा होता. सहा लहान थांब्यांवर माणसे मोजायची आणि जिथे सर्वांत कमी भरतील तो काढायचा, असे ठरले. मोजणी बुधवारी करायची हा जुना नियम. सोमवारी आणि शुक्रवारी गर्दी वेडीवाकडी असते, बुधवार सर्वांत सरळ.

आमच्या बाटल्यांच्या कारखान्याला बुधवारी सुट्टी असे. सगळ्या कारखान्यांवर विजेचा ताण एकदम नको म्हणून प्रत्येकाला वेगवेगळा वार वाटून दिलेला होता. कारखाना बंद म्हणून खानावळ बंद, खानावळ बंद म्हणून बाजार नाही. लहानपणी बुधवारी आम्ही फलाटावर लगोरी खेळायचो, इतका तो रिकामा असे.

मोजणाऱ्यांच्या पाळ्या मी लावल्या. तक्ते मी जुळवले. प्रत्येक तक्त्याच्या उजवीकडे शेऱ्याचा रकाना असतो. 'स्थानिक सुट्टी' एवढे दोन शब्द लिहिले की मोजणी दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावी लागते. इतर पाच थांब्यांपैकी एकाला जत्रा होती, एकाला परीक्षा. दोन्हीकडे मी ते शब्द लिहिले होते. आमच्या थांब्याचा आकडा एकसष्ट आला. इतर दिवशी तो साडेतीनशेच्या खाली कधी नसे.

त्या आठवड्यात शाखेत थट्टा चालली होती. "बाकी कुठलाही काढा, हा मॅडमच्या माहेरचा आहे." "माहेरची वाट कोणी बंद करतं का?" पाव मिनिटसुद्धा हसला होता, त्याचा राग नाही. पण माझ्या डोक्यात एकच बसले, की आता मी तो शेरा लिहिला तर सगळे म्हणतील, वाचवला घरचा थांबा. मी कधी कोणाची गाडी अर्धे मिनिट पुढे-मागे केलेली नव्हती. माझी तेवढीच अब्रू होती.

साहेबांनी तक्ते उलटले. "शेरा काही?"

"नाही," मी म्हटले.

माझ्या हातात होते ते इतके.

कलम ५. त्या मोजणीच्या तक्त्याची प्रत माझ्या कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली आहे. ती दादाला द्यावी. उजवीकडचा रकाना कोरा आहे, अक्षर माझे आहे, वार लिहिलेला आहे. दादाने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

समोर बसून सांगायचे मी तीनदा ठरवले. तिसऱ्या वेळी सुरुवातही केली. "दादा, त्या मोजणीचं..." एवढे म्हटले आणि तो म्हणाला, "सोड गं. दमून आली आहेस, आधी जेव." ताटात भाजी वाढली, माझ्या आवडीची. मी जेवले. यात दादाचा काही दोष नाही, भूकही खरीच लागली होती.

कलम ६. पलंगाखाली कागदाच्या अकरा गुंडाळ्या आहेत. त्याही पाव मिनिटाने न्याव्यात, किंवा रद्दीत घालाव्यात. दर वर्षी नवे वेळापत्रक निघण्याआधी मी घरी बसून, सुट्टीच्या दिवशी, आमचा थांबा परत बसवून पाहिला. बसत नाही. मोकळे केलेले मिनिट मोकळे राहत नाही. दुसऱ्याच महिन्यात तिथे जादा गाडी आली. त्या गाडीवर माणसांनी नोकऱ्या धरल्या, मुलांच्या शाळा ठरवल्या. आता आमची पायरी काढली की मागच्या तीन रेघा तुटतात, आणि त्या तीन रेघांत काही हजार माणसे उभी असतात. त्यांनी माझे काय वाकडे केले आहे? कारखान्याने स्वतःची बस सुरू केली, पुढे तो हललाच. गिरणी बंद झाली. आता परत थांबा दिला तरी साडेतीनशे माणसे कुठून आणणार, हेही खरे.

नवव्या गुंडाळीत एक फट सापडली. दुपारी दोन बावन्नला. तेव्हा कोणी कुठे जात नाही, तरी मी कचेरीत प्रस्ताव ठेवला. उत्तर आले, की नियमाने आधी त्या ठिकाणची चढणाऱ्या प्रवाशांची संख्या दाखवावी. गाडीच थांबत नाही तिथे चढणारे शून्य. हा नियम चांगला आहे. तो लिहिताना भाषा मीच दुरुस्त केली होती.

नवे साहेब आल्यावर मी त्यांना बुधवारचे सगळे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, चहा मागवला. मग म्हणाले, "समजा चुकलं. आता कुठली गाडी काढू ते सांगा, आत्ता काढतो."

मी वेळापत्रकाच्या कागदावर सकाळच्या रेघा एकेक करून पाहिल्या. मग कागद गुंडाळला. चहा निवला. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना या मृत्युपत्राची तोशीस लागू नये.

कलम ७. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी पाव मिनिटाला नेमते. त्याने घाई करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि तो माझ्या इच्छेप्रमाणे बरोबर आहे. खालील दोघांच्या समक्ष सही करते. त्या दोघांनी माझ्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या. त्यांना यातून काहीही मिळणार नाही याची त्यांनी खात्री करून घेतली, विशेषतः पहिल्यांनी.

लिहून देणारी: (सही)

साक्षीदार पहिले: (सही) खालच्या मजल्यावरचे निवृत्त गार्ड
साक्षीदार दुसऱ्या: (सही) माझ्या डॉक्टरीणबाई

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा मार्च, गुरुवार

सह्यांच्या खाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात वजन नसते, असे वकील म्हणाले. म्हणून पुढचे इथे लिहिते.

दादा, थांबा परत द्या असा अर्ज गावातून दर जूनमध्ये कचेरीत येतो. तो माझ्याच टेबलावर येतो. पहिल्या वर्षी चारशे सह्या होत्या, गेल्या वर्षी त्र्याऐंशी. मी प्रत्येक सहीवर बोट ठेवून खाली जाते. वहिनीची सही दर वर्षी असते. तुझी एकदाही नाही. बहिणीच्या कचेरीविरुद्ध सही केली तर तिला तिथे मान खाली घालावी लागेल, म्हणून तू करत नाहीस. मला कोणी सांगितलेले नाही, पण मी तुला ओळखते. अकरा वेळा 'अर्ज विचारात घेता येत नाही' असे मी गावाला कळवले, आणि अकराही वेळा तू माझ्यासाठी त्या यादीबाहेर उभा राहिलास.

या जूनमध्ये सही कर. अगदी वरची. अर्ज नामंजूर होईल, ते मी तुझ्याइतकेच जाणते. तू हा कागद वाचशील, घडी घालून खिशात ठेवशील आणि वहिनीला म्हणशील, आजारी माणसाचं काय मनावर घ्यायचं, ती अशीच लहानपणापासून, दुसऱ्याचं स्वतःच्या अंगावर ओढून घेते. तू सही करणार नाहीस. तरी कर, दादा.