मधल्या दाराला कडी लावू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, मानसशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर, कोणाच्याही धाकाशिवाय आणि भिडेशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे, गुडघे नाहीत. माझे मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. मन ठिकाणावर असणे म्हणजे काय, यावर मी उभा जन्म काढला, तरी कायद्याला माझा शब्द पुरत नाही, दाखलाच लागतो. असो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. हे घर, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि मागचा सज्जा, आता माझ्या एकटीच्या मालकीचे आहे. आम्हा नवराबायकोला मूलबाळ नाही. माझ्या पश्चात माझी थोरली बहीण, जिला सारी आळी ताई म्हणते, ती तिच्या शेवटच्या श्वासापर्यंत याच घरात राहील. तिला कोणीही हलवू नये; हवापालटासाठी नाही, तपासणीसाठी नाही, "चार दिवस आमच्याकडे चल" म्हणूनही नाही. ताईनंतर घर माझ्या भाच्याला, म्हणजे आमच्या दिवंगत भावाच्या मुलाला मिळावे. मात्र त्याने ताईला बाहेर काढण्याचा किंवा वेडी ठरवण्याचा खटाटोप केला, तर त्याचा हक्क संपून घर कोपऱ्यावरच्या ग्रंथालयाला जावे. मग त्याने हवे तर तिथे वर्गणी भरून मासिके वाचत बसावे.

२. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधल्या दाराला ताईच्या हयातीत कडी लावू नये. दार लोटूनही घेऊ नये.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, दाराचं कलम मृत्युपत्रात कशाला?" मी म्हटले, सगळे मृत्युपत्र त्या दारासाठीच आहे, बाकीची कलमे पुरवणी समजा. तर कारण असे. आमची आई जाऊन बरीच वर्षे झाली, पण ताईला ती अजून ऐकू येते. जेवणे आटोपली, ताई मधल्या खोलीत पाठ टेकायला आली, की स्वयंपाकघरातून आई विचारते, "गॅस बंद केलास का गं?" ताई उठते, बघते, "केला गं बाई," म्हणते आणि परत येऊन झोपते. एवढेच. आई याहून जास्त कधी बोलत नाही. हयातीतही ती कामापुरतेच बोलायची.

ज्यांना आवाज छळतात, शिव्या देतात, जिवावर उठायला सांगतात, त्यांना औषध हवेच; मी स्वतः अनेकांना हाताला धरून डॉक्टरकडे नेले आहे. पण माझे सारे काम दुसऱ्या लोकांवर होते. चारचौघांसारखे नोकरी-धंदा करणारे, हिशेबाला चोख, मुलांची लग्ने लावून मोकळे झालेले लोक, ज्यांना कधीमधी नसलेले काहीतरी दिसते किंवा ऐकू येते आणि जे ते कोणाला सांगत नाहीत. एक क्रेनवाला होता. वर एकटा बसला की त्याला मेलेल्या बायकोच्या किल्ल्यांचा जुडगा वाजलेला ऐकू यायचा. "मग काय करता?" विचारले, तर म्हणाला, "काय करणार? जरा सावरून बसतो." एक शाळेतल्या कारकूनबाई होत्या, त्यांना फाटकापाशी त्यांचा गेलेला कुत्रा दिसायचा आणि त्या त्याला वळसा घालून जायच्या, शेपटीवर पाय पडू नये म्हणून. हे आजार नव्हेत, हे मी पुराव्याने दाखवले. माझ्याकडे आलेल्या विधवा-विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार एकदा तरी भेटून गेला होता.

३. स्वयंपाकघरातले तळ जळलेले मोठे पातेले माझ्या भाच्याला द्यावे. ते घासून देऊ नये.

हा भाचा विमा कंपनीत आहे. त्याला प्रत्येक घरात आग दिसते आणि त्याला भास म्हणत नाहीत, बढती देतात. मनाने वाईट नाही. ताईच्या कडेवर वाढला, तिचे पाय आजही चेपतो. पण घाबरट. मी परगावी व्याख्यानाला गेले असताना, आणि व्याख्यानाचा विषय काय, तर 'आवाज ऐकणारी शहाणी माणसे', त्याने ताईला रिक्षात घालून एका दवाखान्यात नेले. सोबत माझेच पुस्तक नेले. मी परतल्यावर त्याला फैलावर घेतले, तर उलट मलाच म्हणाला, "आत्या, मी मनाचं काही सांगितलं नाही. तूच लिहिलंयस. पान उघडून डॉक्टरांपुढे ठेवलं."

खरे होते. पुस्तकातली 'शिवणकाम करणारी एक बाई' म्हणजे आमची ताई. ओळख पटू नये म्हणून मी तिचे वय बदलले, गाव बदलले, ताईने जन्मात सुई धरली नाही तरी तिला शिवणयंत्रावर बसवले. पण गॅसचे वाक्य मला टाकवेना. इतके चांगले वाक्य तेवढ्या वर्षांत मला दुसऱ्या कोणाकडून मिळाले नव्हते. आमच्या धंद्यात नाव लपवायला शिकवतात, आवडलेले वाक्य सोडायला कोणी शिकवत नाही. ज्या पानाने ताई शहाणी ठरायची, त्याच पानाने ती आजारी ठरली. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

गोळ्या सुरू झाल्या आणि आई बोलायची थांबली. ताई दुपारभर भिंतीकडे बघत बसायची. मला म्हणाली, "धाकटे, आई रुसली का गं माझ्यावर? मी काय केलं?" मी शास्त्र समजावू लागले, तर तिने तोंड फिरवले. त्याच आठवड्यात गॅसवर पातेले राहून गेले आणि घरभर धूर झाला. ताईच्या हातून अशी चूक त्याआधी कधी झाली नव्हती, कारण विचारणारी घरात होती. विमावाल्याला हे कोण समजावणार! आपलेच दात, आपलेच ओठ. म्हणून पातेले.

पुढे माझी एक जुनी विद्यार्थिनी, जी आता मनोविकारांची नावाजलेली डॉक्टर आहे, तिने ताईला नीट तपासून त्या गोळ्या हळूहळू बंद केल्या. काही आठवडे गेले. मग एका दुपारी ताई मधल्या खोलीतून ओरडली, "आली गं! आवाज बसलाय तिचा, पण आली!" मी सज्ज्यात जाऊन रडून घेतले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी याच विद्यार्थिनीने करावी.

४. बँकेतली ठेव ताईच्या औषधपाण्याला आणि दिवसभर सोबत करणाऱ्या बाईच्या पगाराला आहे. बाई कमी बोलणारी असावी. ताईने तिला "ऐकलंस का?" विचारले, तर तिने "नाही बाई, मला नाही आलं ऐकू," असे खरे सांगावे. ताईला खोटे चालत नाही. फक्त "तुम्हालाही नाही आलं," एवढे म्हणू नये.

५. ध्वनिफिती. लोकांनी बोललेल्या साऱ्या फिती कपाटात आहेत, त्या पुसून टाकाव्यात. आमच्या विभागप्रमुखांना त्या संग्रहालयासाठी हव्या आहेत. हेच गृहस्थ भर बैठकीत म्हणाले होते, "बाईंना खोली कशाला? यांच्याकडे येणारे भिंतीतून येतात." मला मोडक्या खुर्च्यांच्या कोठारालगतची खोली मिळाली. निवृत्त होताना त्यातली तीन पायांची एक खुर्ची मी रीतसर पावती करून विकत घेतली. ती त्यांना द्यावी आणि बसायचा आग्रह करावा.

६. यजमानांची चष्म्याच्या काचांची पेटी, काचा घासायचे यंत्र आणि बारीक पेचकस हे सारे त्यांच्या दुकानातल्या भागीदाराला द्यावे. अक्षरांचा तक्ता मात्र भिंतीवरून काढू नये. तो ताई रोज वाचते आणि शेवटच्या ओळीला अजून अडत नाही.

इथे यजमानांबद्दल लिहायला हवे. वकीलसाहेब म्हणतात, गरज नाही. मला आहे.

ते चष्मे करायचे. म्हणायचे, "तुझं गिऱ्हाईक नसलेलं बघतं, माझं असलेलं बघत नाही. दोघं मिळून शहर चालवतो." मी संध्याकाळी घरी येऊन कानाला यंत्र लावून फिती उतरवत बसे. ते दुकान बंद करून येत, माझ्या खोलीच्या दारात उभे राहत आणि खाकरत. त्यांना काहीतरी सांगायचे असे. मी मान वर न करता हात वर करी: थांबा जरा. ते थोडा वेळ थांबत आणि जात. ताई तेव्हापासून आमच्याकडेच होती. ते स्वयंपाकघरात जाऊन तिला सांगत. काय सांगत, ते मी कधी विचारले नाही. दुसऱ्याच्या गेलेल्या माणसांचे ऐकण्यात माझे इतके कान गुंतले होते, की माझे जिवंत माणूस दारात उभे राहून परत जात होते.

कथेत असते तसे शेवटचे वाक्य अडून राहिले, असे काही झाले नाही. ते गेले तेव्हा मी उशाशी होते. त्यांचे शेवटचे वाक्य मला स्पष्ट ऐकू आले. "पंखा कमी कर." मी केला.

त्यानंतर मी वाट पाहिली. मला आकडे पाठ होते. निम्म्यांकडे येतात, तर माझ्याकडे का नाही? दुकान बंद व्हायच्या वेळेला मी खोलीत बसे, कानाला काही न लावता. जिन्यावर पाऊल वाजले, तर ते शेजाऱ्यांचे असे. दाराशी सावली आली, तर ती टॉवेलची असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इतक्या लोकांचे ऐकले, मला स्वतःला एकदाही, एक अक्षरही ऐकू आले नाही.

आणि एके संध्याकाळी ताई भाजी निवडता निवडता म्हणाली, "अगं, तुझे हे दारात खाकरले."

मी हातातले टाकून उठले. "कुठे? काय म्हणाले?"

"काही नाही. थांबले जरा आणि गेले. तू कामात होतीस ना."

मी ताईवर इतकी रागावले, की दोन दिवस बोलले नाही. बायकोला सोडून मेहुणीकडे येतात म्हणजे काय! मग कळले, रागावण्यासारखे काही नव्हते. जो ऐकतो, त्याच्याकडे माणूस जातो. ताई, त्या दोन दिवसांबद्दल मला क्षमा कर. आणि ते तुला स्वयंपाकघरात काय सांगायचे, ते मी अजून विचारलेले नाही. धीर होत नाही.

७. दाखल्याविषयी. भाचा पुढेमागे म्हणू शकतो की ही आत्याही भ्रमिष्टच होती, सबब मृत्युपत्र रद्द. तसे झाले तर ताई पुन्हा रिक्षात, पुन्हा गोळ्यांवर आणि परक्या खोलीत, जिथे आईला पत्ता सापडणार नाही. म्हणून विद्यार्थिनी डॉक्टरीण परवा रीतसर तपासायला आली. तारीख विचारली, शंभरातून सात सात वजा करायला लावले. मग माझ्या हातांकडे बघत हळूच विचारले, "बाई, आसपास कोणी नसताना कधी आवाज ऐकू येतात?"

हा प्रश्न असाच, हळू आवाजात आणि डोळ्यांऐवजी हातांकडे बघत विचारावा, हे मीच तिला शिकवले होते. समोरच्याला लाज वाटू नये म्हणून.

"नाही," मी म्हटले.

"कधीच नाही?"

"कधीच नाही गं. पुष्कळ वाट पाहिली."

तिने पेन खाली ठेवले. थोड्या वेळाने उचलले आणि दाखला लिहिला. वकीलसाहेबांनी तो दोनदा वाचून मांडीवर थाप मारली, "वा! बाई, यावर आता कोणाला बोट ठेवायला जागा नाही." मला बरेही वाटले आणि फार वाईटही वाटले. जे आयुष्यभर माझ्या वाट्याला आले नाही, त्याच्याच जोरावर आज ताईचे छप्पर टिकणार आहे.

८. शेवटचे कलम यजमानांसाठी. मेलेल्या माणसाला उद्देशून लिहिते म्हणून कोणी हरकत घेऊ नये. गेलेल्यांशी बोलणे ही सवय आहे, त्यांचे उत्तर ऐकू आले तरच दाखल्याचा प्रश्न येतो, आणि उत्तर आलेले नाही, हे वर लिहिले आहेच.

अहो, इतकी वर्षं आला नाहीत, तर आता मध्येच येऊ नका. मी लिहितेय, साक्षीदार बसलेत, ताईचं घर या कागदावर उभं आहे. आयुष्यभर तुम्हाला हात वर करून थांबवलं. आज आणखी एकदाच, शेवटचं. सही होईपर्यंत थांबा जरा. यानंतर मला काही काम नाही.

वरील मजकूर मी वाचला, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो माझ्या इच्छेबरहुकूम आहे.

साक्षीदार पहिला: वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)

साक्षीदार दुसरी: दाखला देणारी डॉक्टर, लिहिणारीची विद्यार्थिनी (सही)

ताईला सही करायची होती, पण जिला मिळते तिने साक्ष द्यायची नसते, म्हणून ती मधल्या खोलीत बसली आहे.

स्थळ: राहते घर. दार उघडे आहे.

तारीख: १४ ऑक्टोबर, सोमवार, दुकाने बंद व्हायची वेळ

मृत्युपत्र करणारी: (सही)

झाली सही. या आता.