मांडव नसलेल्या लग्नाची तारीख

सोम., २१ एप्रिल. साक्री

आई-बापूंचं लग्न कधी झालं? मला माहीत नाही. आज वनहक्काच्या टेबलापलीकडच्या बाईंनी विचारलं. बी. ए. झाले, घरातली पहिली, आणि एवढं साधं सांगता येईना.

आमचं वावर वनजमिनीवर; त्याच्या वनपट्ट्याच्या दाव्यात आम्ही दोघांची नावं घातली आहेत. पण आईच्या आधारवर तिचं माहेरचंच नाव. कॅम्प लागला तेव्हा ती माहेरी होती, तिथेच काढून घेतलं. बाई म्हणाल्या, "विवाह नोंदणीचा दाखला आणा. नाहीतर पट्टा एकट्या वडिलांच्या नावाने निघेल. यादी मेअखेर वर जाते."

त्या वावरातले दगड वेचून बांध कोणी घातला, हे बाईंना कुठून माहीत असणार. बापू नाही, आईने.

मंगळ., २२ एप्रिल. पाडा

आईला विचारलं. ती भाकरी थापत होती.

"कव्हय म्हंजे? नागलीनी निंदनी चालू व्हती, तवय तुना बापनी माले आनं. तारीख-बिरीख माले माहीत नई."

बापूंनी आणलं. पंचांसमोर गूळ वाटला. मांडव नंतर घालू, घरात दाणे आले की. मांडव म्हणजे अख्खा पाडा जेवायला घालायचा. दाणे कधी तेवढे आलेच नाहीत. मग मी झाले, मग ऊसतोडीला गुजरातला जाणं सुरू झालं, मांडव राहून गेला. अर्ध्या पाड्याचं असंच आहे. इथे कोणाला त्यात काही वाटत नाही.

आई म्हणाली, "गण्याना मांडव पडी ऱ्हायना ना? त्येमाज आमनंबी उरकी टाकू."

गण्या म्हणजे बापूंच्या धाकट्या भावाचा, सोमाकाकाचा मुलगा. १८ मेला त्याचं लग्न. त्याच मांडवात आधी सोमाकाका-काकूंचं होणार, कारण त्यांचंही राहिलंय. मुलाच्या आधी आईबापाचं, अशी आमची रीत.

मी नको म्हटलं. कारण सांगितलं नाही. इथे लिहिते. दाखल्यावर यंदाची तारीख येईल, आणि मी बावीस वर्षांची आहे.

शुक्र., २५ एप्रिल. जळगाव

पाड्यावरून काळीपिवळी, साक्रीहून धुळे, धुळ्याहून जळगाव. रात्री पाय सुजले. डाळमिलच्या ऑफिसात दिवसभर बिलं टाइप केली. साहेब म्हणाले, "परत रजा? घरी लग्न आहे का कोणाचं?"

म्हटलं, हो.

"कोणाचं?"

चुलतभावाचं.

सोम., २८ एप्रिल. गाव

भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, यांच्याकडे तीन गावांचा कारभार. आज ते तिसऱ्या गावाला. पंचायतीच्या ओट्यावर मी तीनपर्यंत बसले. फोन लागत नाही. एक दिवस रजा, फुकट.

सोम., ५ मे. गाव

आज भाऊसाहेब भेटले. माणूस वाईट नाही, दमलेला आहे. विवाह नोंदवही काढली, धूळ झटकली, बोट फिरवत गेले. आमच्या पाड्याची एकही नोंद नाही. एकही.

"पत्रिका?"

"नाही."

"फोटो?"

"नाही."

"मग लग्न झालं कशावरून?"

"माझ्यावरून," मी म्हटलं. ते हसले. मी गमतीने नव्हतं म्हटलं.

मी आश्रमशाळेच्या रजिस्टरची नक्कल नेली होती, आईचं नाव बापूंच्या नावासकट. मतदार यादीही. भाऊसाहेबांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं. "यावरून बायको ठरते. लग्न ठरत नाही."

मग हळूच, "साक्रीत प्रेसवाले नाना आहेत. जुन्या तारखेची पत्रिका छापून देतात. सगळे तेच करतात, ताई. तुम्हीच कशाला एवढं मनाला लावून घेता?"

खोटा कागद मी करणार नाही. इथे लिहून ठेवते.

संध्याकाळी सोमाकाका ओसरीवर येऊन बसला. "तुनी माय भनेल नई, तू भनेल शे. मंग तूच सांग ना तारीख!" आणि स्वतःच हसत सुटला. त्याचं आईशी नीट नाही, वावराच्या बांधावरून. पट्टा एकट्या बापूंच्या नावावर झाला तर त्याला चालेलच. बापूंना तो दोन गोड शब्दांत गुंडाळतो. आईला नाही गुंडाळता येत.

बापू खोकत होते. या खेपेला उसावरून आल्यापासून थांबलेलाच नाही.

सोम., १२ मे. साक्री

आज बुद्धपौर्णिमा. कचेरी बंद. प्रज्ञा, माझी जळगावची रूममेट, मूळची बोदवडची, काल पांढरी साडी इस्त्री करत होती आणि मी तिच्याशी बोलत बोलत बॅग भरत होते. डोकं ठिकाणावर नाही.

यादी जायला अठरा-एकोणीस दिवस राहिले. एवढ्या लांब येऊन परत कसं जायचं? उन्हात बाजारपेठेतून चालत गेले.

नानांच्या प्रेसवर.

(५ मेची ओळ वाचू नये.)

नाना चहा पाजतात. "जुनी की चालू?" एवढंच विचारतात. मागच्या खोलीत जुनी पंचांगं रचून ठेवली आहेत, वर्षावार. "तारीख अशीतशी टाकून चालत नाही, बेटा. त्या दिवशी मुहूर्त पाहिजे. नाहीतर साहेब पकडतो." चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी पान काढलं. माझ्या जन्माच्या आधीच्या वर्षातला एक गुरुवार. दुपारी बारा सतरा. कागदही पिवळसर काढला.

मी नावं सांगत गेले. वर, वधू, वधूपिता. त्यांनी भराभर लिहिलं. कितीजणांच्या आईबापांची लग्नं या माणसाने लावली असतील.

मंगळ., १३ मे. पाडा

ऑफिसला फोन केला, अजून एक दिवस. साहेबांनी "घ्या" म्हणून फोन ठेवला. तेच जास्त लागलं.

आईला पत्रिका वाचून दाखवली. चि. सौ. कां. सुमन आल्यावर तिने तोंडावर पदर घेतला. "हाई कोन शे?" बापूंनाही हसू आलं, मग खोकला. पुढे वाचलं: आपले नम्र, श्री. काळू, म्हणजे आईचे वडील.

आईचा हात थांबला.

"मना बाप तवय मरी जायेल व्हता."

मला माहीत नव्हतं. ती इथे आली त्याच्या दोन वर्षं आधी तो विहिरीच्या कामावर दगावला, ते मला कोणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

"मरेल मानूस पत्रिका वाटस का?" आई रागावली नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. "तारीख तुले पाहिजे ती टाक. पन त्याले उठाडू नको."

मी म्हटलं, नाव बदलून आणते, मामाचं टाकू.

"तुले लाज वाटस ना?"

मी पत्रिकेची घडी घातली. ती म्हणाली, "लाज कसानी? तू मांडवमा नाचशी का नई, ते सांग."

पत्रिका चुलीत घालायला उठले तर तिने हातातून घेतली. पेटीत ठेवली, लुगड्याच्या घडीत. आजोबांच्या नावामागे 'श्री.' त्या कागदावरच पहिल्यांदा लागलं असेल.

बापूंनी एवढंच विचारलं, "मंग दाढी करनी पडी का?"

सोमाकाकाकडे मी गेले. म्हटलं, काका, तुमच्या मांडवात. तो बिडी वळायला बसला. मांडव दिला तर आई पट्ट्यावर येणार, हे त्याला कळत होतं. शेवटी काकूच आतून ओरडली, "भाऊ मोठा शे, त्यानं पहिले!" रीतीपुढे काकाचं काही चाललं नाही.

रवि., १८ मे

झालं. उंबराच्या फांद्या, चार खांब. आधी आई-बापू, मग काका-काकू, मग गण्या. अक्काने, पाड्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईने, गाणी म्हणून विधी केले. आईला हळद लावली; तिचे पाय भेगाळलेले, हळद भेगांत शिरली.

काका सगळ्यांसमोर मोठ्याने, "पोरगी मायबापना लगीनमा! शहरमा अशी मजा ऱ्हास का?"

नाचले. बापू मध्येच खाटेवर जाऊन बसले. दमले होते.

फोटो काढले, सात. ते अर्जाला लागतात.

जळगावला कोणालाच सांगितलेलं नाही. प्रज्ञाला एक फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

मंगळ., २० मे. गाव

अर्ज दिला. विवाहाचा दिनांक: १८ मे, यंदाचा.

विधी करणाऱ्याच्या रकान्यात अक्काचा अंगठा. साक्षीदार पहिले पोलीस पाटील, दुसरा सोमाकाका (सही करताना मान वर केली नाही). तिसरी मी.

भाऊसाहेबांनी तिसरी ओळ दोनदा वाचली. "नातं, मुलगी? ताई, लग्न परवाचं आणि मुलगी बावीस वर्षांची. वरचे लोक विचारतील ना. दुसरं कोणी आणा. मी नवा फॉर्म देतो."

"खोटं काय आहे त्यात?"

"खोटं काही नाही. तेच तर."

पंखा फिरत होता. मी उठले नाही. शेवटी त्यांनी आवक शिक्का मारला. दाखला देतो म्हणाले नाहीत, देत नाही असंही नाही. "बघू. विचारणा आली तर तुमच्याकडे बोट दाखवीन." म्हटलं, दाखवा. नंबर अर्जावर आहे.

यादीला अकरा दिवस. आता धुळ्याच्या गाडीत आहे, अक्षर हलतंय. बापूंना दवाखान्यात न्यायला हवं, ते कधी...

नवा फॉर्म मी घेतला नाही. साक्षीदाराची सही सकाळीच करून टाकली होती, चुलीपुढे, आई बघत असताना, शाईच्या पेनने.