पेटीची खोली

पौड. डिसेंबर १९५८, रविवार संध्याकाळ.

आज चर्चमध्ये भांडले. वाईट वाटायला हवं का? वाटत नाही.

शेतमालकाने झोपडी मोडल्यापासून भिमा तान्ह्या पोराला घेऊन चर्चच्या अंगणात, चिंचेखाली झोपते. अंगणातल्या बंद खोलीत आमची बाजाची पेटी राहते. एकटी. गोधडी पांघरून!

उपासना संपताच पंच दाऊदमामांना म्हटलं, “ती खोली भिमाला द्या.”

“थंडीनं पेटीचा भाता बिघडतो, बाई. आन् भिमा आपल्या मंडळीतली न्हाई.”

“पेटीचा बाप्तिस्मा कधी झाला, मामा?”

कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी डोळे मिटून भिमासाठी प्रार्थनाच सुरू केली. देवाने तिला छप्पर द्यावं म्हणून काय ती विनवणी, आणि खोलीची किल्ली यांच्याच खिशात! परक्याला घरात घ्या असं प्रभूने सांगितलं. आधी तो कुठल्या मंडळीतला ते विचारा, असं कुठे सांगितलं?

‘आमेन’ होईपर्यंत थांबले. मग सगळ्यांदेखत हात पुढे केला. “आता किल्ली द्या.”

दिली. काय करतात!

पेटी माझ्या घरी आणली. गोधडी भिमाला दिली. ती दारातच घुटमळली. “बाई, मामा उद्या मला भाईर काडतील वो.”

“आधी मला काढावं लागेल. तू आत हो.”

बुधवारी पंचांपुढे मला उभं करणार आहेत. माफी मागेन, अशी त्यांची आशा. मागणार तर आहेच मी: त्या खोलीच्या दाराला कडी. आतून लावायची.